दोन-सहाचं खोकं

परक्या बाईचा हात तिच्या नवऱ्यासमोर, सासूसमोर, भर बाजारात हातात धरायची मुभा समाजानं दोघांनाच दिली आहे. एक डॉक्टर आणि दुसरा कासार. ज्योतिषीही धरतो, पण त्याच्याकडं बायका बहुतेक घरच्यांना चोरून जातात. डॉक्टर नाडी बघून हात सोडून देतो. आम्ही मात्र पंधरा-पंधरा मिनिटं धरून बसतो, दाबतो, चोळतो, वळवतो, आणि बाई जाताना वर आम्हालाच नमस्कार करून जाते. बीडच्या जुन्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. चाळीस वर्षं मी बायकांच्या हातांत बांगड्या भरल्या. सगळ्या मला मामा म्हणतात, कारण कासाराला मामाच म्हणायचं ही आमच्याकडची रीत आहे. भाच्या मोजायला बसलो तर दिवस पुरायचा नाही.

या अंकासाठी लिहा म्हणणाऱ्यांनी सांगितलं होतं, मामा, दुकानातल्या गमती लिहा. गमती लिहितोच. पण माझी बायको सुमन तीन वर्षांमागं शुगरनं गेली, आणि तिच्या हाताच्या मापाबद्दल मी एक खोटं बरीच वर्षं चालवलं होतं. ते आमच्या एकुलत्या मुलीला, मनीषाला, सांगायचं की नाही, यावर ही तीन वर्षं गेली. मागच्या घरात आता बोलायला कोणी नाही. संध्याकाळी टीव्ही लावतो तो नुसता आवाजासाठी. त्यामुळं गमतींच्या मध्येच ही गोष्ट घुसणार आहे, ती वाचकांनी घुसू द्यावी.

आधी धंदा समजून घ्या. काचेच्या बांगडीचं माप इंचात असतं. दोन-चार म्हणजे आतून दोन इंच, आणि वर इंचाच्या सोळा भागांतले चार. त्याच्यापुढं दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा. लोकांना वाटतं, बांगडी मनगटाच्या मापाची असते. तसं नाही. बांगडी अडते ती अंगठ्याच्या मुळाशी आणि मुठीच्या हाडांशी. तिथून पार झाली की पुढं तिला कोणी अडवत नाही. म्हणून कासार आधी अंगठा आत दुमडतो, करंगळी त्याच्यावर ओढून आणतो आणि तळव्याचा द्रोण करतो. हाड मऊ असेल तर दोन-सहाच्या हातात दोन-चारही जाते. त्यासाठी हात सैल सुटावा लागतो, आणि तो सुटावा म्हणून बाईला बोलण्यात गुंतवावं लागतं. "माहेर कुठलं गं बाई?" असं मी विचारतो. ती गावाचं नाव घेते, हात ढिला पडतो आणि बांगडी आत जाते. सासर विचारलं की हात आवळतो. हे मी विनोदानं लिहीत नाही, कोणत्याही कासाराला विचारून बघा.

सुरुवातीची वर्षं मी सायकलच्या कॅरेजला खोकी बांधून पालीला आणि तिकडच्या वस्त्यांवर जायचो. यात्रेला कपिलधारला पाल ठोकायचो. दसरा झाला की ऊसतोडीला निघायच्या आधी बायका बांगड्या भरून घ्यायच्या. त्यांचे हात मला अजून आठवतात. अंगठ्याचं मूळ लाकडासारखं, बोटांवर पाचटाच्या चिरा. माप दोन-दोन, फार तर दोन-चार. उन्हाळ्यात परत आल्या की त्याच बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. तो बारीकपणा काही कौतुकाचा नव्हता, तो उपासाचा आणि कष्टाचा होता. म्हणून कोणी "पूर्वीच्या बायका कशा काटक होत्या" असं म्हणायला लागलं की मला राग येतो. त्यांतल्या एखादीचा हात एकदा धरून बघा म्हणावं.

मग हळूहळू वस्त्यांवर नळ आले, गिरण्या आल्या, मिक्सर आले. चांगलंच झालं. पण हंडा गेला, पाटा गेला, चालणं गेलं, आणि खाणं तेवढंच राहून वर पाकिटं आली. गिरणी दोनशे पावलांवर असली तरी दळण मोटारसायकलवर जातं. चहा दिवसातून चार वेळा, त्यात साखर हात सोडून, सोबत खारी नाहीतर बिस्किट. पाहुणा आला की थंड पेयाची मोठी बाटली. दुपारी मालिका, संध्याकाळी मोबाईल. हे सगळं मला त्यांच्या घरी जाऊन बघावं लागलं नाही. हातात कळत होतं. दोन-दोनचं खोकं धूळ खायला लागलं, मग दोन-चारचं. दोन-आठचा माल मी आधी वर्षाकाठी दोन खोकी आणायचो, तो पंधरा दिवसांत संपायला लागला.

आणि मी काय करत होतो, तर कौतुक करत होतो. लग्न झालेली पोर पहिल्या पंचमीला माहेरी आली आणि हात भरलेला दिसला, की मी तिच्या आईला म्हणायचो, "सासर मानवलं हो पोरीला." आई खूश, पोर लाजायची, मीही खूश. हात भरला म्हणजे घर भरलेलं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. किती जणींना मी हे म्हणालो असेन आणि त्यांतल्या किती आज गोळ्या खात असतील, हा विचार मला फार उशिरा सुचला.

आता वहिनीसाहेबांची गोष्ट. शहराबाहेर मोठा बंगला, शंभर एकर जमीन, घरातले पुरुष निवडणुकांत. त्यांच्याकडं हळदीकुंकू होतं आणि मला न्यायला गाडी आली. गाडीतून बांगड्या भरायला जायची माझी ती पहिलीच वेळ, त्यामुळं मी इस्त्रीचा सदरा घातला होता. वहिनीसाहेब सोफ्यावर, भोवती दहा-बारा बायका.

"मामा, दोन-सहा काढा. माझं माप ठरलेलं हाय," त्या म्हणाल्या.

मी हात हातात घेतला आणि मनात म्हटलं, आली का पंचाईत. हात दोन-आठचा, आणि तोही सकाळचा, म्हणजे न सुजलेला.

"थोडी मोठी बघू का, वहिनीसाहेब?"

"कावून? मी काय जाड दिसायले का तुमाला?"

मी साबण मागवला, हाताला प्लॅस्टिकची पिशवी चढवली, माहेरच्या चार गावांची नावं विचारून झाली. तीन बांगड्या पिचल्या आणि अंगठ्याला काच लागून रक्त आलं. वहिनीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या माप सोडायला तयार नव्हत्या. शेवटी मी खोक्यांकडं पाठ करून बसलो, दोन-आठच्या डझनभर काढल्या आणि म्हणालो, "ह्या घ्या, ह्या खऱ्या दोन-सहा. मघाचा मालच कच्चा निघाला." बांगड्या सरसर गेल्या. "बगा, म्हणले न्हाई का मी?" वहिनीसाहेब सगळ्यांकडं बघत म्हणाल्या. त्यांचं तोंड असं उजळलं की मलाच आपण काहीतरी पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं. मागोमाग त्या दहा-बारा जणींनीही आपापलं जुनं माप सांगितलं, आणि मी प्रत्येकीला त्या आकड्याची, पण एक घर मोठी बांगडी भरली.

आठवडाभरात मी दुकानातल्या खोक्यांवरचे आकडे खोडून नवे घातले. दोन-आठवर दोन-सहा लिहिलं, दोन-दहावर दोन-आठ. बारीक हाताच्या पोरींचं काही अडलं नाही. त्यांना मी खोकं न बघताच बांगडी द्यायचो, मला आकडा लागतच नव्हता. आकडा गिऱ्हाइकांसाठी होता. "मामाकडं माप बरोबर बसतं, बाकीच्यांचा माल बारीक येतो," असं बाजारात झालं. काही वर्षांनी हात आणखी वाढले, तेव्हा मी आकडे परत एक घर खाली सरकवले. आता खोक्यावर दोन-सहा लिहिलेलं आणि आत दोन-दहाची बांगडी. मला या हुशारीचा अभिमान होता. तो अजून पुरता गेला आहे असं म्हणता येत नाही, कारण हे लिहितानाही मला थोडं हसू आलं.

सुमनला मी यातलं काही सांगितलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही, असा माझा समज. प्रत्यक्षात आमच्या गल्लीतली निम्मी गुपितं तिच्याच पोटात होती. ते ती गेल्यावर एकेकीनं येऊन सांगितलं तेव्हा मला कळलं.

लग्नात तिचा चुडा माझ्या वडिलांनी भरला होता. "दोन-सहा. हाड मऊ हाय सूनबाईचं," असं ते म्हणाले होते आणि तिला त्याचं फार अप्रूप होतं. त्यानंतर तिच्या हातात बांगड्या भरायला कोणी बसलं नाही. एखादी पिचली की ती दुकानात यायची, दोन-सहाच्या खोक्यातून दुसरी काढायची आणि स्वतःच चढवायची. मी दिवसभर गावाचे हात धरायचो. घरात गेल्यावर आणखी एक हात धरावा, असं माझ्या मनात कधी आलं नाही. याचं मला आज वाईट वाटतं, इतकं की दुकानात एखादं जोडपं आलं आणि नवऱ्यानं बायकोचं बोट नुसतं धरलेलं असलं तरी मी दुसरीकडं बघतो.

मनीषा शिकायला पुण्याला गेली, तिथंच नोकरी, तिथंच लग्न. मग सुमन दिवसभर दुकानाच्या गादीवर बसायला लागली. मी यात्रांना, लग्नघरी बाहेर. रात्री परत येईपर्यंत तिचं जेवण झालेलं नसायचं आणि ती उपाशीही नसायची. "एकटीला ताट वाढून घ्यायला नको वाटतं," असं म्हणायची. त्यामुळं ती ताट वाढूनच घेत नव्हती. चहा आणि खारी, मग वाटीभर शेव, मग बिस्किटं, मग परत चहा, असं दिवसभर चालायचं. गादीवरून उठायचं कारण नव्हतं. गिऱ्हाईक आलं की बोलायला मिळायचं, नाहीतर टीव्ही. ब्लाऊज घट्ट व्हायला लागले तेव्हा ती शिंप्यावर चिडायची, तो कपडा मारतो म्हणून. दम लागायला लागला तेव्हा पायऱ्या उंच बांधल्यात म्हणाली. आणि गिऱ्हाइकांना हात पुढं करून दाखवायची, "तीस वर्षं झाले लग्नाला, पण बांगडी तीच हाय बगा. दोन-सहा." मी तिथंच पेपर वाचत बसलेला असायचो. पेपर जरा वर धरायचो.

मग तहान वाढली, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तपासलं तर शुगर कितीतरी वर. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "काकू, वजन उतरवायला लागेल. रोज तासभर चाला. चहातली साखर आणि बेकरीचं सगळं बंद. आत्ता जपलं तर पुढचं टळेल."

सुमन हसली. "साहेब, बसून बसून अंग जरा सुटलंय, पण मी जाड न्हाई. हे बगा, लग्नातल्या मापाची बांगडी हाय माझ्या हातात. दोन-सहा. आमचे हे कासार हायेत, इचारा त्यांनाच."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. सुमननंही बघितलं. भिंतीवर हृदयाचं चित्र होतं, मी त्याच्याकडं बघत म्हणालो, "हो. दोन-सहाच आहे."

"काकू, बांगडीवर नका जाऊ, काट्यावर जा," डॉक्टर म्हणाले. पण बाहेर आल्याबरोबर तिनं निकाल देऊन टाकला. "काटा बिगडलेला आसंल त्यांचा. बांगडी कशी खोटं बोलंल?" आठ दिवस ती चालायला गेली. नवव्या दिवशी पाय दुखतो म्हणून राहिली, मग राहिलीच. गोळ्या उष्ण पडतात म्हणून एक दिवसाआड घ्यायची. मी काही म्हटलं की हात दाखवायची. दुनियेतला कोणताही काटा तिला खोटा वाटला असता, पण नवऱ्याच्या दुकानातलं खोकं खोटं असेल, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

मी का बोललो नाही, हे मला पुष्कळांनी विचारलं असतं, पण कोणाला माहीतच नव्हतं. म्हणून मीच मला विचारतो. गुपित फुटून दुकानाचं नाव जाईल ही भीती होतीच. इतक्या वर्षांचं खोटं बायकोपुढं कबूल करायची लाजही होती. पण आणखी एक होतं. आपला हात लग्नातलाच आहे असं समजून ती जेव्हा बांगड्या वाजवायची, तेव्हा मलाही बरं वाटायचं. तिचं वय झालंय आणि तिला दिवसभर कोणी नसतं, हे मला मग बघावं लागत नसे. त्या दवाखान्यात मी एवढंच म्हणालो असतो की सुमन, ती बांगडी दोन-दहाची आहे, तर ती माझ्यावर महिनाभर चिडली असती आणि चालायला लागली असती. तिला मी ओळखत होतो. आकड्यानं तिला लागलं असतं.

पुढची दोन वर्षं सांगत बसत नाही. पायाची जखम भरेना, मग नजर अधू झाली, शेवटी काळजानं साथ सोडली. ती सवाष्ण गेली, म्हणून तिला हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. शेजारच्या काकू दुकानात आल्या आणि त्यांनी हळू आवाजात मला माप विचारलं. मी म्हणालो, दोन-सहा. त्यांनी खोकं नेलं. बांगड्या अडकत गेल्या, पण गेल्या. "हात शेवटपर्यंत मापात ऱ्हायला बाईचा," कोणीतरी म्हणालं. मनीषा तिथं उशाशी उभी होती, तिनंही ते ऐकलं.

दिवस झाल्यावर मी दुकान उघडलं आणि सगळ्या खोक्यांवर खरे आकडे घातले. "मामा, तुमचा माल आता बारीक यायला लागला की," बायका म्हणायला लागल्या. "माल तोच आहे, हात वाढलाय, शुगर तपासून घ्या," असं मी सांगायला लागलो. तुम्हीच सांगा, बांगड्या भरायला आलेल्या बाईनं हे का ऐकून घ्यावं? निम्म्या दुसरीकडं गेल्या. वहिनीसाहेब मात्र आल्या, स्वतः, पायऱ्या चढून. त्यांना मी पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसलो. मला वाटलं, आता गाडीतली माणसं बोलावतात.

"घरात येवढी मानसं हायेत, मामा," त्या म्हणाल्या, "एकानंबी मला सांगितलं न्हाई. समदे म्हणायचे, तुमी हाय तशाच हाव." त्यांनी हात पुढं केला. "भरा, काय आसंल ते." दोन-दहा भरली. त्यांना सांगणं मला जमलं. घरच्या माणसाला सांगणं अजून बाकी होतं.

मनीषा या पंचमीला आली. आई गेल्यापासून ती यायची ती एका दिवसासाठी, हातात घड्याळ आणि एखादं कडं. तिचा हात मी बघितलेलाच नव्हता. ती घरूनच काम करते, संगणकावर, सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत खुर्चीत. खाणं फोनवरून मागवलं की दारात येतं. नवऱ्याची पाळी वेगळी, त्यामुळं दोघं घरात असून जेवायला एकेकटे. हे तिनंच मला हसत सांगितलं. दुकानाच्या दोन पायऱ्या चढून ती थांबली, श्वास घेतला आणि मग आत आली. तो श्वास मी ओळखला.

संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली. "अण्णा, बांगड्या भरा. हिरव्या. दोन-सहा होईल ना? आईची तीच होती."

मी हात हातात घेतला. पोरीचा हात धरून किती वर्षं झाली होती. अंगठ्याचं मूळ मऊ, सुमनसारखंच, पण भोवती मांस आलेलं, बोटं फुगीर.

"दोन-आठ," मी म्हणालो. "तीपण घट्ट होईल. मनू, तू एकदा शुगर तपासून घे."

तिनं हात ओढून घेतला. "तिकडं सगळे तेच बोलतात आणि इथं आले तर तुम्हीपण तेच. मी दोन दिवस आराम करायला आलते, अण्णा."

"तुझ्या आईचं बघितलंस ना."

"आईचं काय बघायचं? आईला शेवटपर्यंत दोन-सहा येत होती. तुमच्यासमोरच भरली की. ती मापात होती तरी गेलीच ना? मग मला मापाचं कशाला सांगता? व्हायचं ते होतं."

माझ्याकडं याचं उत्तर होतं. ते एका वाक्याचं होतं. मी खोकी आवरायला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पिशवी भरली, महत्त्वाचं काम निघालं म्हणाली आणि गेली. पंचमीला आलेली लेक कासाराच्या घरून रिकाम्या हातानं गेली. शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, तिला काच आवडत नाही.

आठ दिवस मी स्वतःशी भांडलो. सांगितलं तर आई गेली तशी लेकही जाईल माझ्यापासून. आणि नाही सांगितलं तर सुमनसारखंच हिचंही मी मुकाट्यानं बघत बसणार. नवव्या दिवशी दुपारी, दुकानात कोणी नसताना, मी फोन लावला.

"अण्णा, मी मीटिंगमध्ये आहे."

"दोन मिनिटं बाहेर ये," मी म्हणालो. तिला काय वाटलं कोणास ठाऊक, ती लगेच उठली. दार लावल्याचा आवाज आला.

मी सगळं सांगितलं. वहिनीसाहेब, खोडलेले आकडे, दोन-सहाचं खोकं. तिच्या आईच्या हातात शेवटी भरली ती दोन-दहाची होती, हे सांगितलं. दवाखान्यातलंही सांगितलं. फोन लागलेला आहे ना, हे मी दोनदा बघितलं.

"डॉक्टरांसमोर तुम्हाला विचारलं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही दोन-सहा म्हणालात."

"हो."

दुकानात एक बाई येऊन उभी राहिली, माझ्याकडं बघितलं आणि तशीच निघून गेली.

"आई माझ्या वयाची होती तेव्हा तिचं खरं माप किती होतं, अण्णा?"

तेव्हा तिनं बांगड्या कोणत्या खोक्यातून घेतल्या आणि त्या खोक्यात काय होतं, हे मला पाठ आहे. "दोन-आठ," मी म्हणालो.

मला वाटलं ती ओरडेल, रडेल, फोन ठेवेल. तिनं यातलं काही केलं नाही. अगदी हळू, लहानपणी शाळेतून आल्यावर बोलायची त्या आवाजात ती म्हणाली,

"उद्या तपासून घेते मी. पण अण्णा, हे तुमी आईला सांगायचं होतं."